कागदापुरती वाटणी

शेतकऱ्याच्या पोरांनाच आता शेती नको, असं कोणी माझ्यासमोर म्हटलं की माझं डोकं फिरतं. परवा आमच्या कॉलनीतल्या एका निवृत्त साहेबांनी नातवाच्या वाढदिवसाच्या जेवणात हेच वाक्य टाकलं. हातातली वाटी खाली ठेवून मी विचारलं, "तुम्ही किती पोरांना विचारलंत?" ते हसले. माझ्या सुनेनं डोळ्यांनीच मला गप्प बसवलं. जेवायला बोलावलेल्या घरी भांडू नये ही रीत मायनं शिकवलेली, म्हणून मी बसलेही गप्प. पण घरी आल्यावर वही काढली. माझ्या दादाला शेती हवी होती. कॉलेज सोडून, लोकांचं हसं सोसून तो गावी परत आला होता, आणि सहा-सात वर्षं त्यानं दुसरं काही पाहिलं नाही. त्याला शेतीतून कोणी घालवलं ते मला लिहून ठेवायचं आहे. साहेबांनी वाचावं अशी इच्छा आहे, पण ते वाचणार नाहीत.

नागपूरहून अमरावती रस्त्यानं निघालं आणि वाडी मागे पडली की पुढे आमचं गाव. शेताचं एक टोक रस्त्याला लागून, दुसरं पार नाल्यापर्यंत. आम्ही मालगुजार नव्हतो आणि मजूरही नव्हतो. दोन बैलजोड्या, एक सालदार, कोठ्यात चार-पाच गाईम्हशी आणि एक बांधीव विहीर, असं आमचं मधलं घर होतं. मधलं घर म्हणजे पाहुण्याच्या ताटात गव्हाची पोळी आणि पाहुणा रस्त्याला लागला की आपली ज्वारीची भाकर. हिवाळ्यात तुरीचे हिरवे दाणे आले की माय रोज सोले-वांग्याची भाजी करायची, तर्री वर येईपर्यंत, आणि जवसाच्या चटणीवर तेलाची धार धरताना हात आखडायची नाही. विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. त्याची भकभक घरापर्यंत ऐकू यायची. आवाज जरा बदलला की माय चुलीपुढूनच ओरडायची, "पट्टा सरकला वाटते वं शकू, दादाले सांग!" तिनं इंजिनाला कधी हात लावला नव्हता, पण तिचा अंदाज चुकायचा नाही. तिन्हीसांजेला इंजिन थांबलं की घर एकदम रिकामं वाटायचं, आणि मग दूरवरच्या रस्त्यावरून ट्रक जाताना ऐकू यायचे. तेव्हा ते थोडे होते. पुढे वाडीला गोदामं वाढली, नागपूरच्या जकात नाक्याबाहेर माल उतरवायची सोय झाली, तसे ते वाढत गेले.

बाबा घरातले थोरले. त्यांना एकच धाकटा भाऊ, बापूकाका. आजोबा लवकर गेले आणि बाबांनी काकांना पोरासारखं वाढवलं, नागपूरला ठेवून शिकवलं. काका सरकारी कचेरीत ओव्हरसियर झाले, नागपुरात त्यांचं पक्कं घर झालं. दर पंधरा दिवसांनी रविवारी ते काकू-पोरांना घेऊन यायचे, आणि जाताना तूर डाळ, तूप, मोसमाप्रमाणे हरभरा किंवा हुरडा असं बरंच काही बसच्या टपावर चढायचं. काकांना जमीन नको होती. ते स्वतःच बंगईवर झोके घेत म्हणायचे, "माहा वाटा मी शिकून नेला, भाऊ. आता तुमचं तुम्ही पाहा." सगळे हसायचे. हे घरात इतकं ठरलेलं होतं की कोणाला ते लिहून ठेवावं असंही कधी वाटलं नाही. लिहिलं ते दुसरंच.

मी सातवीत असताना सीलिंगची बातमी आली. मर्यादेपेक्षा जास्त जमीन सरकार काढून घेणार आणि ज्यांना नाही त्यांना वाटणार, असं सांगितलं जात होतं. आमची सगळी जमीन बाबांच्या नावावर, आणि ती मर्यादेच्या वर दहा-बारा एकर जात होती. गावोगाव तेव्हा एकच काम चाललं होतं. भावांच्या, पुतण्यांच्या, कधी कधी पाळण्यातल्या पोरांच्या नावानं वाटण्या होत होत्या. घरात चूल एक, बैलजोडी एक, कागदावर मात्र चार खातेदार. गावचा तलाठी आमच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, बसून चहा प्यायला आणि त्यानं बाबांना तोच रस्ता दाखवला. वर एक बारीक गोष्ट सांगितली. विहीर दोघा भावांत सामायिक लिहाल तर दोन्ही वाटे ओलिताचे धरतील, आणि ओलिताच्या जमिनीला मर्यादा कमी. म्हणून विहीर एकाच वाट्यात घाला, म्हणजे दुसरा वाटा कोरडवाहू राहील आणि दोघंही कायद्यात बसाल. बाबांनी मान डोलावली.

आता माझे बाबा कसे होते ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बाजारात मापाला कधी बोट न लावणारा माणूस. दुसऱ्याच्या धुऱ्यावरचं, बांधावरचं बोर उचललं तरी आम्हाला परत ठेवून यायला लावायचे. अशा माणसाला खोटी वाटणी करायची वेळ आली, तर त्यानं काय करावं? "वाटनी कागदापुरती असन, पन करायची तं रीतीनं करू," असं म्हणाले. आमच्याकडची रीत अशी, की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे थोरला वाटे सारखे पाडतो, कारण उरलेला त्याच्याच पदरात येणार असतो. खऱ्या वाटणीत ही रीत फार शहाणी आहे. खोट्या वाटणीत ती पाळायची बुद्धी फक्त माझ्या बापाला होऊ शकत होती.

मार्गशीर्षातला रविवार होता. विहिरीजवळच्या आंब्याखाली गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजायला घातले होते, बाजूला वांग्याची भाजी रटरटत होती. गावातले दोन वडीलधारे पंच म्हणून आले होते, आणि ते मुख्यतः रोडग्यांसाठीच आले होते हे त्यांनी लपवलं नाही. बाबांनी शेतावर फिरून मधोमध दगड ठेवला. रस्त्याकडचा वाटा विहिरीसकट, नाल्याकडचा वाटा विहिरीशिवाय पण जमीन थोडी जास्त आणि जास्त काळी. मग ते काकांना म्हणाले, "उचल गा बापू." काकांच्या तोंडात घास होता. तुपाचे हात झटकत ते म्हणाले, "नाटकच करायचं तं मले राजा कर भाऊ! मले विहिरीवाला दे. कधी आलो तं दोन घोट पानी हक्कानं पिईन." पंच खो खो हसले. बाबाही हसले. मी तर इतकी हसले की ठसका लागला.

कागद लिहायला मला बसवलं, कारण शाळेत माझं अक्षर पहिलं. नमुना म्हणून आजोबांच्या वेळचं जुनं वाटणीपत्र समोर ठेवलं होतं. त्यात होतं, विहीर सामायिक, पाळीने पाणी घ्यावे. मी तसंच उतरवलं. बाबांनी तो कागद फाडला आणि दुसरा दिला. तलाठ्यानं सांगितल्याप्रमाणे त्यांनी तोंडी सांगितलं आणि मी लिहिलं, विहिरीवर दुसऱ्या हिस्सेदाराचा कोणताही हक्क राहणार नाही. बाबांनी नुसतं 'हक्क राहणार नाही' म्हटलं होतं. 'कोणताही' हा शब्द मी घातला. निबंधात असा शब्द घातला की गुरुजी शेरा चांगला देत. बाबांनी सही केली, काकांनी केली, पंचांनी केली, आणि आम्ही जेवायला बसलो.

त्यानंतर शेतात काहीच बदललं नाही. दोन्ही वाटे आम्हीच कसत होतो, तेच बैल, तेच इंजिन. बदल झाला तो दुसऱ्या वर्षी, दादामुळे. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ मनोहर, नागपूरला कॉलेजात होता. विज्ञान शाखा, मार्क बरे. एका दुपारी तो ट्रंक घेऊन परत आला आणि मायला म्हणाला, "मी आता घरीच राहतो. संत्र्याची बाग लावतो." मायला वाटलं हा नापास झाला. बाबांना वाटलं पोरीबिरीचं काही लफडं असेल. गावाला तर महिनाभर हसायला विषय मिळाला. पण त्याला खरंच बाग लावायची होती. त्यानं सगळा हिशेब मांडून ठेवला होता, जमीन कोणती, खोली किती, पाण्याचा उतार कसा. नाल्याकडच्या वाट्यातली काळी जमीन त्यानं निवडली आणि विहिरीपासून तिथपर्यंत पाण्याचा पाट काढला. सहाशे कलमं. मी शाळेतून आले की दोरी धरायची आणि तो चुना टाकायचा. एका रांगेत कलम दोन बोटं सरकलं तर उपटून पुन्हा लावायचा. मला कंटाळा यायचा, पण त्याच्या कपाळावरचा घाम आणि त्याचा आनंद पाहून मी दोरी सोडत नव्हते.

पुढची सहा वर्षं म्हणजे माझं सगळं तारुण्य त्या बागेत गेलं म्हणा. मी मॅट्रिक झाले आणि घरी बसले, म्हणजे बागेतच उभी राहिले. आळी कोणत्या रांगेत फुटली, कोणत्या खोडाला डिंक आला, सगळं मला तोंडपाठ. आळी करायला बौद्ध मोहल्ल्यातली वच्छला यायची. तिशीची, बारीक, पण तिच्या हातचं आळं गोल म्हणजे गोल, पाण्याचा थेंब बाहेर जायचा नाही. ती आणि मी बोलत बोलत काम करायचो. तिचं घर मला माहीत होतं, तिचा नवरा, सासरा, दोन पोरं माहीत होती. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

मधल्या काळात दादासाठी मुली पाहणं चालू होतं, आणि त्याची आठवण झाली की आजही माझ्या अंगाची आग होते. लोक यायचे, पोहे खायचे, घर बघायचे, बैल बघायचे, दादाला बघायचे. सगळं पसंत. मग मुलीचा बाप हात धुता धुता विचारायचा, "अन् नोकरी?" बाबा बाग दाखवायला उठले की म्हणायचा, "शेती तं आमचीबी हाये जी." एकानं तर चपराश्याला मुलगी दिली. चपराशी! दादाच्या हाताखाली रोज आठ माणसं काम करत होती. मी संतापून बोलले तर दादा म्हणाला, "काहून तापतं वं? एक बहार येऊ दे. मंग हेच लोक पायऱ्या झिजवतात का नाही पाय." बहार आला की सगळं सुटेल, असं त्याचं झालं होतं. आमचं सगळ्यांचंच झालं होतं.

तो बहार सातव्या वर्षी यायचा होता. संत्र्याच्या झाडाला हिवाळ्यात ताण देतात. महिना-दीड महिना पाणी पूर्ण बंद. पानं पिवळी पडतात, मलूल होतात, थोडी गळतातही. बघणाऱ्याला वाटतं बाग मेली. मग ठरल्या वेळी पाणी सोडलं की झाड खडबडून जागं होतं आणि पांढऱ्या फुलांनी लदबदतं. ताण कमी पडला तर फुलं नाहीत. जास्त झाला तर झाड नाही. त्या वर्षी दादानं पहिल्यांदा सबंध बागेला ताण दिला. रोज सकाळी एकेक पान बोटांत चुरून पाहायचा आणि दिवस मोजायचा. इंजिन महिनाभर बंद होतं, त्यामुळे विहिरीकडे कोणी फारसं फिरकत नव्हतं.

संक्रांत चार दिवसांवर असताना मी आणि वच्छला विहिरीवर घागरी भरायला गेलो तर रस्त्याकडून ट्रक आत आलेला. माणसं लोखंडी खांब रोवत होती, तार ओढत होती. मी धावत दादाला आणलं. खांबांजवळ नागपूरचा एक ट्रान्सपोर्टवाला खुर्ची टाकून बसला होता. माणूस वाईट नव्हता, दादाला त्यानं चहा विचारला. म्हणाला, "तुमच्या काकासे लिया भैया, दो महिने हो गए. गोदाम डालना है. कपास खड़ी है वो चुन लो, आठ दिन ठैरता मैं." दादा म्हणाला, विहिरीचं पाणी बागेला लागतं. तो म्हणाला, "बावड़ी का पानी तो बांधकाम को लगेगा. और कागज में साफ लिखा है, दूसरे का कोई हक नहीं. मैं पढ़ के लिया." इंजिन आमचं आहे हे त्यानं लगेच मान्य केलं. त्याच दुपारी चौघांनी ते उचलून बैलबंडीत घातलं आणि घरी सपरीत आणून ठेवलं. माय त्याच्याकडे पाहत उभी राहिली आणि मग भाकरी थापायला आत गेली.

बाबा नागपूरला जायला तयार होईनात. थोरल्यानं धाकट्याच्या दारी मागायला जायचं नसतं म्हणे. पुन्हा रीत! भाऊ जमीन विकून मोकळा झाला होता आणि आमच्या बाबांना कोण कोणाच्या दारी जातो याची पडली होती. शेवटी दादा आणि मी बसनं गेलो. काकूनं चहा-चिवडा पुढे केला आणि ती आत गेली ती परत आली नाही. काका बंगईवर बसले होते. आमच्याकडे होती तशीच बंगई त्यांनी करून घेतली होती. दादा पाया पडला, आणि जमीन परत द्या असं तो म्हणालाच नाही. एवढंच म्हणाला, "काका, जमीन विकली तं विकली. पन त्या मानसाले सांगून मले हा एक बहार पानी घेऊ द्या. उन्हाळ्यात मी माह्या वाट्यात दुसरी विहीर खनतो. आता खनाले वेळ नाही, झाडं पंधरा दिवस काढतीन फक्त."

काकांनी पायानं बंगई थांबवली. मग म्हणाले, "हे पाय मनोहर, मी काही कोनाचं लुटलं नाही. माह्या नावावर होतं ते विकलं. माह्याबी पोरी लग्नाच्या हायेत."

"तुमच्या नावावर कसं आलं ते तुमाले माहीत नाही का?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

काका उठले, आतून कागद घेऊन आले आणि माझ्यापुढे धरला. "अक्षर तुहंच ना वं शकू? वाच बरं. विहिरीवर दुसऱ्या हिस्सेदाराचा कोणताही हक्क राहणार नाही. कोणताही. मी म्हनलं होतं का तुले असं लिहाले?"

मी कागद हातात घेतला. माझ्या बारा वर्षांच्या हातचे ते गोल गोल, देखणे काने-मात्रे. दादानं माझ्या हातातून कागद घेतला, घडी घालून काकांना परत दिला. काका आता जरा मऊ झाले होते, पण जे बोलले ते घरचा माणूसच बोलू शकतो. "कोर्टात जाय. मी अडवत नाही. पन तुह्या बापाले शपथेवर सांगा लागन, का वाटनी खोटी होती, सरकारले फसवाले केली होती. विचार त्याले, सांगते का."

घरी आल्यावर दादानं सपरीत बाबांसमोर बसून सगळं सांगितलं आणि म्हणाला, "चला बाबा. तहसीलीत जाऊ, खरं सांगू."

बाबा म्हणाले, "खरं सांगतलं तं वरची बारा एकर सरकार काढून घेईन."

"घेऊ द्या. वाटनीच खोटी ठरली तं विक्रीबी अडते, विहीर पुन्हा घरात येते, बाग वाचते. बारा एकर गेली तरी मी तुमाले जगवतो."

"माह्या बापानं जमवलेली जमीन मी माह्या तोंडानं दुसऱ्याले देऊ?"

माय दारात उभी होती. बाबांसमोर तोंड न उघडणारी माझी माय त्या दिवशी म्हणाली, "अन् आता कोनाले देल्ली जी?" बाबा उठून कोठ्याकडे गेले आणि दिवसभर बैलांपाशी बसले. काकांचा राग मला आहेच, पण खरं सांगायचं तर बाबांचा राग जास्त आहे. काकांनी लबाडी केली ती निदान स्वतःच्या फायद्यासाठी. बाबांनी पोराचं सात वर्षांचं काम जाळलं ते स्वतःचं एक खोटं खरं ठेवण्यासाठी, आणि गावात शेवटपर्यंत सज्जन म्हणून मान घेत राहिले. त्यांच्या तेराव्याला तीनशे पान उठलं. मी वाढत होते आणि मनात धुमसत होते.

दादानं हार मानली नाही. नाल्याच्या डोहात थोडं पाणी होतं. बंडीवर दोन पिंपं बांधून त्यानं फेऱ्या सुरू केल्या. वच्छला आणि आणखी दोघी बाया घागरींनी पाणी आळ्यात ओतायच्या, मीही त्यांच्यात. पहिल्या दिवशी एक रांग झाली. दुसऱ्या दिवशी अर्धी, कारण बैल दमले. तिसऱ्या दिवशी दादानं मायचं जुनं लुगडं फाडून त्याच्या चिंध्या केल्या आणि बागेत फिरून शंभर झाडांना बांधल्या. "एवढ्यालेच पानी द्या," म्हणाला. बाकीच्या पाचशे झाडांकडे त्यानं पाहिलं नाही. मी मात्र पाहत होते. चिंधी नसलेल्या झाडाजवळून भरली घागर घेऊन पुढे जायचं म्हणजे काय, हे मला कोणाला सांगून समजावता येणार नाही.

आठव्या की नवव्या दिवशी माझ्यानं राहवलं नाही. घागर खाली ठेवून मी मटकन बसले आणि रडायला लागले. "आमच्या तोंडचा घास काढून नेला वं वच्छला. आमच्या हक्काची जमीन होती. कागदाच्या एका तुकड्यानं गेली. असं कोनी करते का?"

वच्छला आळ्यात पाणी ओतत होती. तिनं ओतणं पूर्ण केलं, घागर उपडी करून ठेवली आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला अजून बोचतं.

"करते ना बाई," ती म्हणाली. "सीलिंग आली तवा आमच्या मोहल्ल्यात चार घरांची नावं लिहून नेली होती. तुमच्यातली वरची जमीन निघन, ते या चौघायले भेटन, असं सांगतलं होतं. तीन-तीन एकर. माह्या सासऱ्यानं बाभळीचं जू तासून ठेवलं. बैल नव्हते, जमीन नव्हती, पन म्हातारा म्हने आधी जू तयार पाहिजे. रोज त्याले तेल लावे. मंग ऐकलं का तुमची वाटनी झाली."

मी म्हणाले, "मले माहीत नव्हतं वं." आणि हे म्हणताना मला कळत होतं की तिच्या सासऱ्याला मी रोज रस्त्यात पाहत होते, रामराम करत होते.

"तुमाले कायले माहीत असन?" ती म्हणाली. "तुम्ही तं रोडगे खात होत्या."

दादा बंडीपाशी उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. त्यानं बैल सोडले आणि बांधावर बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर टाकून. त्या दिवशी घरी आल्यावर त्यानं बाबांना एकच विचारलं, "चार घरांची यादी झाली होती, हे तुमाले माहीत होतं?" बाबा म्हणाले, "तवा सारेच तसं करत होते."

शंभरातल्या साठ-सत्तर झाडांना फुलं आली. फाल्गुनात वास पार रस्त्यापर्यंत गेला, ट्रकवाले थांबून विचारायचे. वैशाखापर्यंत नाला आटला आणि ती झाडंही गेली. दादा तोवर थांबला नाही. कळमेश्वरला कारखान्यात चिकटला, तिथेच खोली घेतली, वर्षभरात त्याचं लग्नही झालं, कारण आता नोकरी होती. जाताना मी त्याला अडवलं. म्हटलं, विहीर खणू, पुन्हा लावू, मी दोरी धरते. तो म्हणाला, "शेती सुटली नाही वं माह्याकडून. पन त्या जमिनीत उभं राहाले आता लाज वाटते." बाबांनी उरलेली जमीन थोडी थोडी करत विकली. त्यातला एक गुंठाही मोहल्ल्यातल्या कोणाला मिळाला नाही, हे सांगायला नको.

तर साहेब, पोरांना शेती नको नसते. माझ्या दादाला हवी होती. पण माझं एवढ्यावर भागत नाही. चाळीस वर्षं मी येईल त्याला बापूकाकांनी आमची शेती कशी खाल्ली ते सांगत आले, सासरी सांगितलं, शेजारी सांगितलं, मुलांना तर पाठ झालं आहे. वच्छलाच्या सासऱ्याबद्दल मी कोणाला सांगितलं नाही, आज पहिल्यांदाच लिहिते आहे. तो म्हातारा आमची बाग गेल्यावरही तीन-चार वर्षं होता. रस्त्यात भेटला की मी मान खाली घालून पुढे जायची. त्या जुवाचं त्यानं काय केलं, हे विचारायची मला कधी हिंमत झाली नाही.